डाव्या हाताचं सोनं

माझ्यावर कोणी उपकार केले की मला आधी रागच येतो. माझा स्वभावच तसा आहे, आणि साठी उलटून गेल्यावर तो बदलेल अशी आशा कोणी धरू नये. माझी बायको सरस्वती म्हणते, "तुम्हाला कोणी पाणी दिलं तरी तुम्ही आधी ग्लास धुतलाय का ते बघता." खरं आहे, बघतो. त्यामुळे आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सिद्धीने आमच्यासाठी जे केलं ते सांगताना माझा सूर कुठे वाकडा लागला, तर तो स्वभावाचा समजावा. मनात तसं काही नाही.

मी हणमंतराव. गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. आमचं घर येलहंक्याच्या जुन्या गावात. पणजोबा सुई-दोरा घेऊन बेंगळुरूला आले, आणि तेव्हापासून आमच्याकडे कोणी ना कोणी कपड्याला टाका घालतंच आहे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती भाषा. खालच्या मजल्यावर आमचं भरतकामाचं दुकान आहे. भरतकाम आता मशीनवर होतं. सरस्वती कॉम्प्युटरवर नक्षी आखते, मी ती पेनड्राइव्हवर घेऊन मशीनला देतो आणि मशीन ती ब्लाउजच्या पाठीवर शिवतं. लोकांना वाटतं सगळं मशीनच करतं. मशीनला काय कळतंय! टाका कुठून निघायचा, कुठे वळायचा, कुठल्या वाटेने परत यायचा, हे सगळं आखणाऱ्याने ठरवायचं असतं. आखणी कच्ची असेल तर दोरा तुटत राहतो आणि माझं डोकं फिरत राहतं.

सरस्वतीच्या आखणीत माझं डोकं कधी फिरलं नाही. तिचा गंडभेरुंड तर आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गंडभेरुंड म्हणजे इकडचा दोन तोंडांचा पक्षी. नवरीच्या ब्लाउजवर त्याला फार मागणी. बाकीच्यांच्या गंडभेरुंडाला मशीन वीस ठिकाणी थांबतं, दोरा कापतं, पुन्हा सुरू होतं. सरस्वतीचा पक्षी डावीकडच्या चोचीपासून निघतो आणि उजवीकडच्या चोचीशी येऊन संपतो, मधे दोरा एकदाही कापावा लागत नाही. पंख, नखं, शेपूट, सगळं सलग एका जरीच्या दोऱ्यात. लोक येऊन फोटो काढून न्यायचे, पण फोटोत पक्षी दिसतो, वाट दिसत नाही. वाट त्या फाइलमध्ये. आणि आमच्या धंद्यात फाइल कोणी कोणाला देत नाही. चिक्कपेटेच्या कापडबाजारातला माझा सख्खा मावसभाऊ मागायला आला होता. त्याला मी चांगली कॉफी पाजली आणि बसस्टॉपपर्यंत सोडून आलो.

हा पक्षी तिने डाव्या हाताने आखलाय, हे मात्र फार जणांना माहीत नाही.

काही वर्षांपूर्वी सरस्वतीला झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजवा हात काही परत आला नाही. लहानपणापासून आरी, म्हणजे भरतकामाची आकडीवाली सुई, धरलेला तो हात नुसता मांडीवर पडून राहायचा. उठताना तो तिला डाव्या हाताने उचलून घ्यावा लागायचा. त्या दिवसांत ती आत खिडकीशी बसून राहायची, फार कमी बोलायची. मग एक दिवस आपण होऊन कॉम्प्युटरसमोर बसली, माउस डावीकडे घेतला आणि आपलं जुनं सॉफ्टवेअर उघडलं. त्यातलं प्रत्येक बटण तिला पाठ होतं, फक्त हात नवा होता. पहिले कित्येक महिने सरळ रेघसुद्धा येत नव्हती. मी मशीनजवळ पाठमोरा बसायचो, म्हणजे तिला बघितल्यासारखं वाटू नये. पुढे केव्हातरी तो गंडभेरुंड झाला. ती पुन्हा स्वयंपाकघरातून ओरडून मला बोलवायला लागली, तेव्हा मी समजलो की माणूस परत आलं.

म्हणून ते सॉफ्टवेअर आमच्याकडे नुसतं सॉफ्टवेअर नव्हतं. विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. ते चालायला एक चावी लागते. पेनड्राइव्हसारखी दिसते, ती कॉम्प्युटरला लावलेली असेल तरच ते उघडतं, आणि तशी दुसरी चावी आता कुठे मिळत नाही. नव्या सॉफ्टवेअरचा एक विक्रेता मधे येऊन गेला. त्यात सगळी बटणं भलतीकडे, आणि अर्धी कामं दोन हातांनी दोन बटणं दाबून करायची. सरस्वतीने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "माझ्यानं आता हे व्हायचं नाही." ती असं कशालाच म्हणत नाही. मी त्या माणसाला पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं.

आणि यंदा कॉम्प्युटरनेच नोटीस दिली. रोज सकाळी पडद्यावर यायचं की ऑक्टोबरनंतर विंडोज टेनला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, आणि तुमचा कॉम्प्युटर पुढच्या विंडोजला चालण्यासारखा नाही. त्याच कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांचे फोटो यायचे, मेल यायचे. नको त्या फाइलीही यायच्या. एकदा व्हायरस येऊन गेला होता, तेव्हा दोन रात्री मला झोप लागली नव्हती.

सिद्धी भाडं द्यायला खाली आली असताना मी त्या नोटिशीला कन्नडमध्ये शिव्या घालत होतो. ही मुलगी मूळची पुण्याची, नागवाऱ्याकडच्या एका आयटी कंपनीत कामाला. तिने पडद्याकडे बघितलं आणि एकदम सोपं करून टाकलं.

"काका, लिनक्स टाकू या ना. जुन्या मशीनवर मस्त चालतं. आणि फ्री आहे."

फ्री म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी. "कोणाचं आहे ते?"

"कोणा एकाचं नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात."

"आणि बिघडलं तर कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं?"

"ओरडायला मी आहे की वरती," ती हसत म्हणाली.

"अगं, पण हिचं सॉफ्टवेअर? ते विंडोजशिवाय चालत नाही."

"सेम प्रॉब्लेम मला ऑफिसात आहे. आमचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. मी काय करते, लिनक्सच्या आत एक बंद विंडोज चालवते. तुमच्याकडे पण तसंच करू. आतल्या विंडोजला इंटरनेट द्यायचंच नाही, म्हणजे व्हायरसचा विषयच नाही. मेल, फोटो सगळं बाहेर लिनक्सवर. काकूंचं सॉफ्टवेअर आत. एकही बटण हलणार नाही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सरस्वती म्हणाली, "एकही बटण हलणार नाही ना? मग करू दे तिला."

शनिवारी सिद्धी आपला हार्डडिस्कचा डबा घेऊन खाली आली. आधी आमच्या सगळ्या फाइलींची तिने दोन ठिकाणी नक्कल केली. गंडभेरुंडाची करताना मी मागे उभा होतो. मग लिनक्स चढलं, आतलं विंडोज चढलं, सरस्वतीचं सॉफ्टवेअरही चढलं. फक्त चावी आत दिसेना. चावी बाहेर लावलेली, विंडोज आत. बाहेरच्याने ती आतल्याच्या हातात द्यायला हवी, आणि तो काही देईना. दुपार झाली. सिद्धीने जेवायला नको म्हटलं, सरस्वतीने तिथेच ताट आणून ठेवलं. मी दोनदा म्हणालो, "सांगत होतो मी." दोघींनी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी तिला इंटरनेटवर एक ग्रुप सापडला. जुनी भरतकामाची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्यांचा. असले लोक जगात आहेत, हेच मला खरं वाटेना. त्यात एका माणसाने नेमक्या आमच्यासारख्या चावीबद्दल पायरी पायरीने लिहून ठेवलं होतं. नाव नव्हतं, नावाच्या जागी मेंढीचं चित्र. कुठल्यातरी थंड देशात लोकरीच्या टोप्यांवर भरतकाम करतो, एवढंच कळलं. सिद्धी वाचत गेली, तसं करत गेली, आणि चावी आत दिसली.

"तू ओळखतेस त्याला?" सरस्वतीने विचारलं.

"नाही हो काकू."

"मग त्यानं एवढं सगळं लिहिलं कशाला?"

"त्याचं अडलं असणार. उत्तर सापडलं, तर दुसऱ्याचं अडू नये म्हणून लिहिलं."

सरस्वतीने त्या मेंढीच्या चित्राकडे एकदा निरखून बघितलं. मग माउस डावीकडे घेऊन सॉफ्टवेअरमधली बटणं एकेक करून दाबून बघितली. "आहेत सगळी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत होतं, आणि खरं म्हणजे तेव्हाच सिद्धीला चार चांगले शब्द बोलायला हवे होते. मी म्हणालो, "कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज वाढलाय."

जाता जाता सिद्धीने एक बदल केला. ती चावी आजवर कॉम्प्युटरच्या पाठीमागे, जळमटांत लावलेली असायची. मागची ती जागा ढिली झालीय म्हणून तिने चावी पुढे लावली, टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी. एवढ्या वर्षांत मी ती चावी प्रथमच नीट बघितली. एवढीशी वस्तू, आणि सगळं घर तिच्यावर उभं.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि सबंध बेंगळुरू ती करतं. रिक्षांना केळीचे खांब, बसला हार, रस्त्यात कुंकू घातलेले कोहळे फुटलेले, त्यावरून स्कूटर घसरतात. आमची आयुधं म्हणजे कात्र्या, सुया, बॉबिन, मशीन. पूजेला मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाहीत, कामाला घ्यायची नाहीत. पूजा मी करतो आणि नीट करतो. आमचे वडील सांगायचे, आयुधाला कुंकू लावायचं ते जिथे ते काम करतं तिथे. कात्रीला पात्याला, सुईला टोकाला. मुठीला कुंकू लावून उपयोग नाही.

त्या दिवशी सिद्धी ऑफिसच्या पूजेला गेलेली, सरस्वती आत प्रसादाच्या गडबडीत. मी ताम्हनात कात्र्या मांडल्या, सरस्वतीची जुनी आरी ठेवली, आणि माझं लक्ष टेबलावरच्या चावीकडे गेलं. मनात आलं, एवढी वर्षं ही आपल्यासाठी राबली आणि मागे जळमटात बसली, हिला कधी कोणी फूल वाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. मी ती काढली, ताम्हनात मधोमध ठेवली आणि हळद-कुंकू पाण्यात कालवून हात सैल सोडून लावलं. कुठे लावलं? जिथे ती काम करते तिथे. वर झेंडूचं फूल ठेवलं, मनापासून नमस्कार केला. संध्याकाळी सिद्धी आली, फुटाणे-चुरमुऱ्यांचा प्रसाद खाऊन गेली.

दसऱ्याला आमच्याकडे वर्षाचा पहिला टाका घालायची पद्धत आहे. सरस्वती एक छोटंसं पान आखते, मशीन ते कोऱ्या कापडावर शिवतं आणि ते कापड देवीपुढे ठेवायचं. मी ताम्हनातून चावी उचलली, वरचं फूल काढलं, धोतराच्या सोग्याने पुसली आणि जागेवर लावली. सरस्वती नवीन साडी नेसून बसली. सॉफ्टवेअर उघडायला गेली तर पडद्यावर आलं, चावी सापडली नाही.

पुन्हा लावली. सापडली नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सापडली नाही.

सरस्वतीने माउस सोडला. डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. हॉस्पिटलातून आली होती तेव्हा ती असंच करायची. मला एवढी भीती वाटली, की मी जिन्याशी जाऊन सिद्धीच्या नावाने ओरडलो. ती ओल्या केसांनी धावत खाली आली.

"म्हटलं होतं मी! चांगलं चाललेलं होतं ते! फुकटचं आणून घातलंस, आणि आता त्या लिनक्सनं चावी खाल्ली! दुसरी कुठून आणू मी? कोण देणार? तो मेंढीवाला देणार?"

"काका, स्वल्प थांबा," ती म्हणाली. गडबडीत तिलाही कन्नडच सुचलं.

"काय थांबा! हिचं काम गेलं ना!"

"ओरडू नका हो," सरस्वती म्हणाली. "गेलं तर गेलं. तिनं चांगल्यासाठीच केलं होतं."

ते 'गेलं तर गेलं' माझ्याने ऐकवेना. मी मशीनजवळ जाऊन पाठमोरा उभा राहिलो.

सिद्धी माझ्यावर उलटून एक शब्द बोलली नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने मेंढीवाल्याचं लिखाण पुन्हा उघडलं. मोठ्याने, मराठी करून वाचायला लागली, बहुधा स्वतःलाच धीर द्यायला. "आतल्या विंडोजला चावी दिसत नसेल, तर आधी बाहेर लिनक्सला विचारा. त्यालाही दिसत नसेल, तर दोघांनाही दोष देऊ नका. चावी हातात घ्या आणि नीट बघा."

तिने काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं, खाली पांढऱ्या ओळी आल्या. "काका, हे बघा. काहीतरी जोडलंय एवढं लिनक्सला कळतंय. पण ते काही उत्तर देत नाहीये, असं तो म्हणतोय."

तिने चावी काढली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि चावीच्या तोंडात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"काका, हिच्या आत लाल काय आहे?"

मला तेव्हाच कळलं.  मी वडिलांची शिकवण सांगितली. कात्रीला पात्याला, सुईला टोकाला. चावी कॉम्प्युटरशी बोलते ती तोंडाने, म्हणून तोंडाला.

 मग सरस्वतीला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, खांदे हलेपर्यंत. "अय्यो, देवा! त्या बिचारीच्या तोंडात कुंकू कोंबलं, तर ती बोलणार कशी!"

"पाणी नका लावू," सिद्धी घाईने म्हणाली. "स्पिरिट आहे का?"

मशीन पुसायला आम्ही ठेवतोच. पण कान कोरायच्या काडीचा कापूस त्या तोंडात जाईना, जाड पडत होता. सरस्वती म्हणाली, "माझी आरी द्या."

मी ताम्हनातून आरी आणली. तिने सिद्धीकडून टोकाला चिमूटभर कापूस गुंडाळून घेतला, स्पिरिटात बुडवला आणि आरी डाव्या हातात धरली. मी चावी धरून बसलो. झटका आल्यानंतर तिने सुई पहिल्यांदा हातात घेतली ती त्या सकाळी. "हलू नका," ती मला म्हणाली. हलत मीच होतो. तिचा हात जागच्या जागी होता. वाळलेलं कुंकू हळूहळू सुटत गेलं, कापूस लाल होत गेला, पुन्हा नवा कापूस, पुन्हा स्पिरिट. शेवटी आतले पत्रे पिवळे चमकायला लागले. तरी ती एकदा आणखी फिरवून आली. तिचं काम तसंच असतं.

सुकायला पंख्याखाली ठेवली. आम्ही तिघं त्या एवढ्याशा वस्तूकडे बघत बसलो. बाहेर हार विकणारी बाई ओरडत गेली. मग सिद्धीने चावी लावली आणि काळ्या पडद्यावर विचारलं.

"बोलली," ती म्हणाली.

आत सॉफ्टवेअर उघडलं. सरस्वतीने काही न बोलता माउस डावीकडे ओढला आणि पान आखायला घेतलं. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी मशीनमधे दोरा ओवायला गेलो, तो मला चार वेळा ओवता आला नाही.

पान शिवून झालं, देवीपुढे ठेवलं. आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून देतात. धाकट्यांनी थोरांना सोनं द्यायचं आणि पाया पडायचं, ही रीत. मी ताटातली पानं उचलली आणि सिद्धीपुढे धरली.

"सोनं घे."

"अहो काका, उलटं होतंय. आधी मी द्यायचं असतं."

"आज उलटंच. मी ओरडलो तुझ्यावर. ओरडायला नको होतं. आणि हिचं काम तुझ्यामुळे टिकलं. त्या शनिवारीच सांगायला हवं होतं, तेव्हा मी पंख्याचं बोललो."

"ओरडायला मी आहे, असं मीच म्हटलं होतं की," ती म्हणाली. पण नाक लाल झालं होतं तिचं. तिने पानं घेतली आणि तरीही वाकून नमस्कार केला. पुण्याचीच ती, हट्टी आहे.

"आणि त्या मेंढीवाल्याला?" सरस्वती म्हणाली.

"त्याला थँक्यू लिहिते ना काकू, आत्ता."

"नुसतं थँक्यू कसं? आज दसरा. त्याला सोनं द्यायला हवं."

"पानं कशी पाठवणार?"

सरस्वती खुर्ची फिरवून पडद्याकडे वळली. एक फाइल उघडली. दोन चोचींचा पक्षी पडदाभर पसरला तसा मी पुढे सरकलो.

"अगं, ही?"

"त्याच्याकडे हेच सॉफ्टवेअर आहे. त्याला उघडता येईल."

"त्या ग्रुपवर टाकलं की त्याच्या एकट्याकडे राहील होय? जगभर जाईल. उद्या चिक्कपेटेत येईल!"

"येऊ दे."

"सरस्वती, आपल्या धंद्यात डिझाईन कोणी कोणाला देत नाही."

"त्यानं दिलं की," ती म्हणाली.

 बरीच उत्तरं आली तोंडाशी, मावसभावाचा चेहराही आला डोळ्यांपुढे. पण सकाळी मांडीवर उचलून ठेवलेला तो उजवा हात त्या सगळ्यांच्या आधी दिसला. तो मेंढीवाला आमचा कोण? आम्ही त्याचे कोण? त्याने लिहून ठेवलं नसतं, तर आत्ता ही बाई आत खिडकीशी बसलेली असती.

"सरी," मी कन्नडमध्ये हो म्हणालो.

आतल्या विंडोजला इंटरनेट नाही. म्हणून फाइल बाहेर काढायची तर पेनड्राइव्हवरूनच, आणि पेनड्राइव्ह आमच्याकडे माझ्या खिशात असतो. मी तो काढला, सरस्वतीने त्यावर पक्षी उतरवला आणि मी तो माझ्या हाताने सिद्धीला दिला. ती लिहायला लागली तशी सरस्वती सांगत गेली. "लिही, हा गंडभेरुंड. डावीकडच्या चोचीपासून सुरू करा. मधे दोरा कापू नका, कापावा लागणार नाही. तुमच्यामुळे माझं काम टिकलं. आज आमच्याकडे सोनं वाटायचा दिवस आहे, म्हणून हे तुम्हाला आणि ज्याला हवं त्याला."

चार-पाच दिवसांनी सिद्धी मोबाइल नाचवत जिना उतरली. मेंढीवाल्याचं उत्तर आलं होतं, फोटोसकट. काळ्या लोकरीच्या टोपीवर सोनेरी गंडभेरुंड. मी फोटो बघून घेतला आणि म्हणालो, बरा आलाय. सरस्वतीने तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी मोठा करून पंखापंखातून बघितला.

"दोऱ्याला ताण जास्त ठेवलाय त्यानं," ती म्हणाली. "लोकरीवर एवढा नाही ठेवायचा. सांग त्याला."

"सांगते. पण त्यानं काय लिहिलंय ते तरी ऐका." सिद्धी वाचायला लागली. "मशीन सुरू करून मी चहा ठेवायला जाणार होतो, पण गेलोच नाही. ते एकदाही थांबलं नाही. शेवटची चोच होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. इतकी वर्षं हे काम करतोय, अशी वाट कोणी आखलेली पाहिली नाही. आपण इतके लांब नसतो, तर ज्या हातानं हे आखलं, तो हात मला एकदा हातात घ्यायचा होता."

 सरस्वतीने मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं, मग माउसवरच्या डाव्या हाताकडे.

"डावा," मी सिद्धीला म्हणालो. "डावा हात आहे म्हणून लिही त्याला." आणि मेंढीवाला तेवढा लांब होता म्हणून, त्याच्या वतीने, मी तो हात हातात घेतला.